चांगलं म्हणायचं ठरलं होतं

“दवाखान्याबद्दल तुमचं मत काय? खूप चांगला, चांगला, बरा, की वाईट?” राजधानीहून, होनियाराहून, पाहणीसाठी आलेल्या ॲग्नेटाबाईंनी कागदावर पेन टेकवून विचारलं.

“खूप चांगला,” नेस्टा म्हणाली.

तिच्या मागे बसलेल्या तिच्या दिराने, हेझ्रनने, सुपारीची लाल पिंक टाकून समाधानाने मान हलवली. निरफणसाच्या सावलीत सकाळपासून सगळं गाव हेच उत्तर देत होतं. रविवारी चर्चमध्ये तसं ठरलंच होतं. पलीकडच्या बेटावरच्यांनी गेल्या वर्षी असल्याच कागदावर खरं सांगून टाकलं, आणि पुढच्याच बोटीने त्यांची नर्स परत गेली. दवाखाना चालत नाही, मग नर्स कशाला, असा वरून हुकूम आला. आता तिथे डुकरं झोपतात.

“औषधं मिळतात?”

“मिळतात.”

“ऑस्ट्रेलियात नसतील इतकी!” हेझ्रन म्हणाला. सगळे हसले.

“भावजी, तुमची पाळी झाली. गप्प बसा.”

ॲग्नेटाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं. “गेल्या वर्षभरात घरातल्या कुणाला उपचारांची गरज पडली आणि ते मिळाले नाहीत, असं झालं का?”

नेस्टाने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि तिची नजर पाण्याकडे गेली. ओहोटी लागली होती. वारा पडलेला. समुद्र इतका स्तब्ध, की आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. दूरवरची बेटं पाण्याला न टेकता नुसतीच तरंगत होती.

त्या दिवशीही अशीच दुपार होती. इंजिनाला पेट्रोल नव्हतं, म्हणून वल्ह्याची होडी काढली. पुढे हेझ्रन, मागे ती, आणि मध्ये दवाखान्यातली नर्स, सिस्टर मोरीन. सिस्टरच्या मांडीवर वेंडलिनचं डोकं. नेस्टाची लेक, पहिलंच बाळंतपण. सिस्टरने निळी छत्री धरली होती. तिच्या सावलीत पोरीचा चेहरा निळा दिसत होता, पाण्याखाली झोपल्यासारखा. होडीखालून मासे जात होते, त्यांच्या सावल्या वाळूवर आणखी खाली.

“अजून किती?” वेंडलिनने विचारलं.

“ते काय, हॉस्पिटलचं छप्पर चमकतंय बघ,” सिस्टर म्हणाली.

चमकत होतं ते ऊन. पण नेस्टा त्या दिशेने वल्हवत राहिली. थोड्या वेळाने पोरीने परत विचारलं, सिस्टरने परत तेच सांगितलं. मग नेस्टालाही छप्पर दिसायला लागलं. छपराखाली धुतलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवरून आत खाट, खाटेवर पांढरी चादर. वल्ह्यांचा आवाजसुद्धा येईनासा झाला.

तिसऱ्या वेळेला वेंडलिनने विचारलं नाही. “दिसलं,” म्हणाली, आणि जराशी हसली.

पुष्कळ वेळाने सिस्टरने पोरीचे डोळे मिटले, मग छत्री मिटली.

निरफणसाखाली कुणी सुपारी चावत नव्हतं. ॲग्नेटाबाईंचं पेन थांबलेलं होतं. तेव्हा कुठे नेस्टाच्या लक्षात आलं, की आपण हे सगळं मोठ्याने बोललो.

“वहिनी, काय केलंत हे,” हेझ्रन म्हणाला. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

“म्हणजे उपचार मिळाले नाहीत,” ॲग्नेटाबाई हळूच म्हणाल्या.

“नाही.”

“मग वर ‘खूप चांगला’ लिहिलंय. ते खोडू का, मावशी?”

“खोडलं तर सिस्टरला नेतील ना?”

“मला ठाऊक नाही. मी फक्त लिहून नेते. तुम्हाला खोटं कशाला सांगू?”

नेस्टाने वळून पाहिलं. चटईच्या टोकाला हेझ्रनची सून बसली होती. तिला सातवा लागला होता. दोन्ही हात पोटावर ठेवून ती नेस्टाकडेच बघत होती.

“खोडा,” नेस्टा म्हणाली. “पेट्रोल नव्हतं, तेही लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.”

ॲग्नेटाबाईंनी लिहिलं. त्या ओळीला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं. “आता शेवटचं. उद्या तुम्ही आजारी पडलात तर आधी कुठे जाल?”

नेस्टाने दवाखान्याकडे हात लांब केला. उत्तरं देताना नर्सने जवळ थांबायचं नाही असा नियम होता, म्हणून सिस्टर मोरीन लांब, दवाखान्याच्या पडवीत होती. धुतलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत घालत होती.

“पण तिथे तर काहीच नाही,” ॲग्नेटाबाई म्हणाल्या.

“नाहीच,” नेस्टा म्हणाली. हात तिने खाली घेतला नाही.

किनाऱ्यावरून नावाड्याने हाक मारली. पाणी उतरतंय, आत्ता निघालं नाही तर होडी वाळूत बसेल. ॲग्नेटाबाईंनी कागद पिशवीत भरले. किनाऱ्याकडे चार पावलं टाकली, थांबल्या, आणि वळून दवाखान्याकडे चालू लागल्या.

नेस्टाला इथून पडवी स्पष्ट दिसत होती. ॲग्नेटाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. काहीतरी म्हणाल्या, मग छातीवर डावीकडे बोट ठेवलं. सिस्टरने बाकावरच्या ओल्या पट्ट्या बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली. नावाडी हाका मारतच होता. ॲग्नेटाबाई मात्र डोळे मिटून बसल्या होत्या. सिस्टरने त्यांचं मनगट हातात धरलं होतं आणि ओठ हलवत ती ठोके मोजत होती.