एक गुडघा जमिनीवर

डावा गुडघा जमिनीवर, टाचेवर बूड, उजवा गुडघा वर आणि पाऊल फरशीवर सपाट. हात छातीशी जोडलेले, डोळे मिटलेले. लिफ्ट दुरुस्तीवाला रविवारी सकाळी घराच्या पॅसेजमध्ये, दाराजवळच्या खुंट्यांखाली असा बसला होता. घरात एवढीच जागा मोकळी होती. समोर लेकीची बॅग भरून ठेवलेली होती.

थोड्या वेळात मेहुणी येणार होती, ठकीला घेऊन जायला. सुट्टीपुरतं नाही, कायमचं.

त्यानंच तिला तसं सांगितलं होतं. "माझ्याच्यानं होत नाही. मी तिला जेवायला घालतो, वेणी घालतो, पण मला काही वाटतच नाही गं. पोरीनं दगडापाशी का राहायचं?" मेहुणी रडली होती. तो रडला नव्हता. बायको गेली त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल होतो ना, तसा तो आतून सगळाच झाला होता. चिमटा काढला तरी कळू नये असा.

योगाच्या वर्गालाही त्याला मेहुणीनंच घातलं होतं. कुंडलिनी योग म्हटल्यावर तो बिचकलाच होता. पण तिथं बराचसा वेळ नुसतं बसायचं असायचं, ते त्याला बरं वाटलं. त्यातलं हे योद्ध्याचं आसन. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "योद्ध्यानं गुडघा टेकला म्हणून तो हरला असं समजू नका. एक गुडघा नमलेला, दुसरं पाऊल रोवलेलं. हाक आली की त्याला उठता आलं पाहिजे." वर्गातल्या बाकीच्यांच्या पाठीतून काहीबाही सळसळत जायचं म्हणे. याच्या फक्त पायाला मुंग्या यायच्या. तरी तो रोज घरी इमानेइतबारे बसायचा. काही वाटत नसलं तरी चालतं, अशी दिवसातली ती एकच वेळ होती.

तो अबोल होता अशातला भाग नाही. उलट दिवसभर बोलायचा. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतली माणसं दिसेल ते बटण दाबत सुटतात, दार उचकटायला बघतात. म्हणून त्याच्या धंद्यात पहिला नियम असा, की हत्याराला हात लावायच्या आधी आतल्या माणसाशी बोलायचं आणि ते बोलणं तुटू द्यायचं नाही. त्याचं वाक्य ठरलेलं होतं. "घाबरू नका. मी इथेच आहे. तुम्हाला बाहेर काढल्याशिवाय जात नाही." पुष्कळदा तो अजून अर्ध्या रस्त्यातच असायचा, पण फोनवर 'इथेच' म्हणायचा. जेवताना फोन आला तर हातातला घास हातातच ठेवून तेच वाक्य म्हणायचा. पाच वर्षांची ठकी समोर बसून ऐकायची. फोन खाली ठेवला की त्याचे शब्द संपायचे.

आता डावा पाय पार बधिर झाला होता. उठायला हवं, असं त्याच्या मनात येतंय तोच उजव्या गुडघ्यावर काहीतरी पडलं. मोज्यातलं पाऊल होतं.

"हलू नको," ठकी म्हणाली.

तो हलला नाही. दुसरं पाऊलही वर आलं. एका हातानं तिनं त्याचे केस घट्ट धरले आणि दुसरा हात वर नेला. सगळ्यात वरच्या खुंटीवर तिच्या आईचा स्वेटर होता. इतके दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. याची तर तिकडे बघायचीही छाती झाली नव्हती. ठकीनं तो ओढला आणि तो सुटून थेट त्याच्या डोक्यावर पडला.

सगळा अंधार झाला. अंधारात साबणाचा वास होता, आणि त्याच्याखाली थोडासा बायकोचा स्वतःचा.

"हा मी नेणार," वरून आवाज आला.

"ने."

"मी गेल्यावर पण तू असाच बसणार?"

"हो."

"मग तुझ्यावर चढणार कोण?"

तेवढ्यात बेल वाजली. "भावजी, मी आलेय!" मेहुणीनं बाहेरून हाक मारली.

ठकी खाली उतरली. हाक आली होती, म्हणून तो उठायला गेला. पण डावा पाय जागेवर होता की नाही तेच कळेना. भिंत धरून पाहिली, उजव्या पायावर जोर देऊन पाहिला. योद्धा जागचा हलेना. स्वेटर अजून तोंडावरच होता आणि तो ओला झाला होता. कशानं, ते त्याला जरा उशिरानं कळलं. मग मात्र त्याला आवरेना. सगळं अंग हलत होतं आणि दुखत होतं, खूप दुखत होतं.

बेल पुन्हा वाजली.

ठकीनं दाराकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. मग स्वेटरची एक बाही उचलून तिनं आत डोकावलं.

"बाबा, अडकलास?"

"हो गं," तो म्हणाला. "अडकलो."

तिनं बाही पुन्हा नीट खाली सोडली. बॅग दोन्ही हातांनी ढकलत आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन त्याच्यासमोर एक गुडघा जमिनीवर टेकून बसली, स्वेटरला तोंड लावलं आणि त्याच्याच फोनवरच्या आवाजात, एकही शब्द न चुकवता म्हणाली,

"घाबरू नका. मी इथेच आहे. तुम्हाला बाहेर काढल्याशिवाय जात नाही."