वाढली

“वाढली म्हणजे माणसाने काय समजायचं? मी समजलो, वाढवायची,” धम्मपाल हातातल्या स्क्रूड्रायव्हरला सांगावं तसं पुटपुटला.

त्याच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात, टेबलापलीकडे हातभर अंतरावर, सरोजताई बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसायला काढला.

चूक त्यांचीच होती. सकाळी लेकीचा लॅपटॉप भाजीच्या पिशवीतून आणून देताना त्या म्हणाल्या होत्या, “हार्ड डिस्क वाढलीय हो हिची. तेवढं बघा.” त्यांच्या घरात काही फुटत नाही, तुटत नाही, संपत नाही. नारळ वाढवतात. कुंकू वाढतं. दिवा शांत होतो. बाहेर निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो. अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं. त्यांनी ते हेमांगीला शिकवलं. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत वास्तूला ऐकू जायला कितीसा वेळ लागतो?

धम्मपालने साधा अर्थ लावला. जागा पुरत नाही, मोठी डिस्क हवी. त्याने नवी बसवली, तिच्यावर विंडोज टाकली, जुनी वायरीला जोडून अख्खीच्या अख्खी कॉपीला लावली आणि दुसऱ्या कामाला लागला. आजारी डिस्क चार तास फिरली. गाणी आली, सिनेमे आले. मग ती टकटक करायला लागली आणि थांबली.

“खराब झालीय एवढं बोलला असतात काकू, तर आधी कामाचं काढलं असतं. मग बाकीचं.”

“खराब कसं म्हणायचं? लेकीची वस्तू.”

“आमच्याकडे तुटलं की तुटलं बोलतात. मग जोडायला घेतात.”

हेमांगी ऑफिसमधून परस्पर दुकानात आली होती. ती बसली नव्हती. खांद्यावरची बॅगही तिने उतरवली नव्हती. उद्या सकाळी अकराला तिला ठाण्याच्या मॅडमकडे जायचं होतं. मॅडम वकील होत्या, पण घरात त्यांना ‘ठाण्याच्या मॅडम’च म्हणत. तसंच हेमांगी चार महिने माहेरी होती ती ‘प्रोजेक्टमुळे’, आणि जावई साकेतराव कोलशेतच्या फ्लॅटवर एकटे होते ते ‘फिरतीमुळे’. शेजारीण विचारायची, सरोजताई सांगायच्या, हेमांगीचे बाबा पेपर उलटायचे. मॅडमना जे दाखवायचं होतं ते सगळं या डिस्कवर होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. कोलशेतच्या घरात तिचा फोन तिच्या एकटीचा नव्हता.

“गार झालीय थोडी,” धम्मपाल म्हणाला. “एक चान्स घेतो. एकच फोल्डर सांगा. परत चालू होईल, गॅरंटी नाही.”

“लग्नाचे फोटो,” सरोजताई लगेच म्हणाल्या. “हिचे बाबा त्यातच बरे दिसतात.”

“लोणची,” हेमांगी म्हणाली.

“काय?”

“लोणची नावाचं फोल्डर आहे, दादा. ते काढा.”

सरोजताईंना हसूच आलं. “अगं, तुला लिंबाच्या फोडी करता येत नाहीत धड! लग्न सोडून लोणची?”

आई कधी उघडणार नाही असं नाव नव्हतं ते. नवरा कधी उघडणार नाही असं होतं.

डिस्क फिरली. पडद्यावर एकेक नाव सरकू लागलं. ‘दाराला बाहेरून कडी’. ‘४ जानेवारी आवाज’. ‘मनगट’. ‘मनगट दुसऱ्या दिवशी’. सरोजताईंनी चष्मा लावला. हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते उतरवायचं राहून गेलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक पडद्याकडे बघत होती, दुधावर नजर ठेवावी तशी.

टक्. टक्.

“बाकी आलं सगळं,” धम्मपाल म्हणाला. “एक फाईल अडकलीय. परत जोर लावला तर डिस्क कायमची बसेल, आणि गाणी-सिनेमे सोडून तुमचं राहिलेलं सगळं जाईल. लग्नबिग्न सगळं.”

“कुठली?” हेमांगीने विचारलं.

त्याने वाचलं. “‘बांगडी वाढली, पाडवा’.”

दुकानात पंखा फिरत होता. धम्मपालने मान वर केली. “काकू, सकाळी एकदा फसलोय. आता विचारूनच घेतो. ही वाढली म्हणजे कुठली वाढली? जास्तीची असेल तर सोडतो.”

पाडव्याला हेमांगी माहेरी जेवायला आली होती, मनगटाला पट्टी बांधून. “काय झालं गं?” सरोजताईंनी विचारलं होतं. “बांगडी फु—” ती सांगायला लागली. “फुटली नाही म्हणू सणाच्या दिवशी. वाढली म्हणावं.” मग तिने “वाढली” म्हटलं होतं, आणि सरोजताईंनी तिच्या पानात श्रीखंड वाढलं होतं. पुढे पंधरा दिवसांनी ती बॅग घेऊन आली, तेव्हाही कुणी काही विचारलं नव्हतं. आणि या पोरीने फाईलला नाव देतानासुद्धा आईचाच शब्द ठेवला होता.

“दादा, तुम्ही...” हेमांगी म्हणाली आणि आईकडे बघून थांबली.

“सोडू नका,” सरोजताई म्हणाल्या. “लग्न जाऊ दे. ही काढा.”

“म्हणजे जास्तीची नाही?”

“नाही. फुटली होती. हिच्या हातात असताना, आमच्या जावयाने फोडली होती.”