मॅडम ओरिओलचं गाणं

"अक्षरं काढणाऱ्याचा हात जागा असतो आणि डोकं झोपलेलं. काय काढतेस ते अधूनमधून वाचत जा गं," असं म्हाताऱ्या गुटमाननं काम शिकवतानाच बजावलं होतं. थेल्मा तेव्हा हसली होती. "वाचत बसले तर पान कधी संपायचं, मिस्टर गुटमान?"

आज तिची निब पहिल्यांदाच अडली. समोर मॅडम ओरिओलच्या चित्रकथेचं नवं पान होतं. चित्रं हॅलोरनची, फुग्यांतला मजकूर पेन्सिलीनं लिहिलेला. त्यावर काळी शाई चढवायची, एवढंच थेल्माचं काम. तान्ह्या नॅनमुळे हल्ली ती ते ब्रुकलिनच्या घरीच करायची. ओरिओल ही मासिकाच्या मागच्या पानांवरची खलनायिका, नाव विचारलं तर चटकन कुणाला आठवणार नाही अशी. ती गायली की पहारेकऱ्यांचे डोळे गरगरत आणि ती सांगेल ते सगळे मुकाट्यानं करत. शेवटच्या चौकटीत नायक तिच्या तोंडात बोळा कोंबायचा.

ओरिओलचं नाक, हनुवटी हॅलोरनच्या बायकोची, विनीची. थेल्मानं तिला नाताळच्या मेजवानीत एकदाच पाहिलं होतं. "गाणी हीच लिहिते. मला कुठलं यमक जुळायला!" हॅलोरन म्हणाला होता. सगळे हसले होते, विनी सोडून.

आज गाण्याच्या फुग्यात विनीचं बारीक अक्षर नव्हतं. हॅलोरनच्या फराट्यात नुसतं 'ला ला ला' होतं.

थेल्मानं कपाटातून जुने अंक काढले. तिनंच शाई चढवलेली गाणी ती पहिल्यांदा वाचू लागली.

मार्च: 'हिरवं दार, बाहेरून कडी, खाली पावाची भट्टी.'

मे: 'ना बहीण मला, ना भाऊ मला, विचारील कोण?'

जुलै: 'गाते मी, गाते मी, ऐकतंय का कुणी?'

ऐकणारी पहिली तीच होती. एकेक अक्षर तिनं वळणदार काढलं होतं, ओळींमधलं अंतरसुद्धा मोजून. नॅन झोपली की दिवसातून दहा वेळा तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी बाई, आणि हे तिला ऐकू आलं नव्हतं.

तिनं संपादकाला फोन लावला. "बर्नी, हॅलोरनच्या बायकोला एवढ्यात कुणी पाहिलंय का?"

"ती ना? ओहायोला गेलीये, बहिणीकडे. ड्वाइट हॅलोरनच म्हणाला."

थेल्मानं मे महिन्याचा अंक पुढे ओढला. "तिला बहीण नाहीये, बर्नी."

"मग मावशी असेल! तुला काय करायचंय? पान पाठव बाई, छापखाना माझ्या मानगुटीवर बसलाय."

"त्याचा पत्ता तरी दे."

"टपालपेटीचा नंबर आहे. जाऊन बस पेटीत!"

पोलिसांनी ऐकून तरी घेतलं. "हिरवं दार. बरं. कुठल्या रस्त्यावर?"

"ते गाण्यात नाहीये."

"गाण्यात," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि बाजूच्या कुणाला तरी ते सांगून हसला.

महिन्याला दोन लाख अंक खपायचे. चित्रातली ओरिओल गायली की अख्खी बँक उठून चालायला लागायची. विनी मार्चपासून दोन लाख घरांत गात होती, आणि एक माणूस खुर्चीतून उठलं नव्हतं.

गाण्याचे फुगे छापण्याआधी कुणी तपासत नाही, हे थेल्माला ठाऊक होतं. पान दुकानात पोचायला अजून तीन महिने लागणार, हेही. तिनं 'ला ला ला' खोडरबरानं पुसलं, निब शाईत बुडवली आणि कडेला सुरांची चिन्हं नेहमीसारखीच काढून आत लिहिलं:

'वाचणाऱ्या, तुझ्या गल्लीत पावाच्या भट्टीवर हिरवं दार आहे का? बाहेरून कडी आहे का? तू लहान असशील तर आईला घेऊन जा, पण आत्ता जा. विनी म्हणून हाक मार. ओ देते का बघ.'