एका जहाजाचा गौरवशाली प्रवास

शाल पिवळ्या जॅकेटावरूनच पांघरली गेली. बंदरात जॅकेट काढायचं नाही हा तिथला नियम, आणि शालीशिवाय सत्कार होत नाही हा ल्यूकन गावातल्या मराठी मंडळींच्या ‘आपुलकी कट्ट्या’चा नियम. त्यामुळे मुक्ताबाई दोन्ही अंगावर घेऊन धक्क्यावर उभी होती. समोर जहाज होतं. आत गुरं हंबरत होती आणि कडेच्या भोकांमधून शेणाचं पाणी गळत होतं.

तिच्या मुलाने, ज्ञानेशने, अडीच तास गाडी चालवून तिला इथं आणलं होतं. “आई, बाबांचं जहाज आयर्लंडला आलंय,” एवढंच म्हणाला होता. गुरांचं काही बोलला नव्हता. त्यालाही माहीत नव्हतं म्हणे. नाव कितीदाही बदललं तरी जहाजाचा नंबर तोच राहतो, त्यावरून ते मोबाइलवर सापडतं. पोटात काय भरलंय ते मोबाइल सांगत नाही.

कट्ट्याचे अध्यक्ष चंद्रहास, चेरीवूडच्या कुठल्याशा कंपनीतले मोठे साहेब, एका हाताने नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हातातला कागद वाचत होते.

“सीमेवर धारातीर्थी पडलेल्या हवालदार रविकांत यांचं नाव धारण करून हे जहाज सैन्याच्या सेवेत रुजू झालं. अठरा वर्षं त्याने तंबू वाहिले, दारूगोळा वाहिला, पुरात अडकलेल्यांना धान्य पोहोचवलं. निवृत्तीनंतर...” इथे त्यांनी रुमाल घट्ट दाबला. “निवृत्तीनंतर या जहाजाने आपली यशस्वी वाटचाल खाजगी क्षेत्रात सुरू ठेवली.”

टाळ्या पडल्या. पंधरा माणसं, प्रत्येकाच्या नाकाशी रुमाल, टाळ्या वाजवणार तरी किती.

शेणाचं मुक्ताबाईला काही वाटत नव्हतं. तिचा निम्मा जन्म गोठ्यात गेला होता. पण त्या गुळगुळीत वाक्याची तिला शिसारी आली. हे लोक काय वाचतायत आणि कशाला टाळ्या पिटतायत?

जहाजाचं नाव पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेलं असतं. नवा मालक वरून रंग फासतो, अक्षरं खाली तशीच राहतात. तिसऱ्या मालकाच्या निळ्या रंगातूनही ती स्पष्ट वाचता येत होती, देवनागरीत, हातभर उंचीची: हवालदार रविकांत. वरचा शेणाचा ओघळ नेमका त्या अक्षरांवरून खाली येत होता.

“ही गुरं कुठं चाललीत रं?” तिने विचारलं.

“एक्सपोर्ट असतं, आई.”

“कापायला?”

ज्ञानेशने बुटावरचं शेण धक्क्याच्या कडेला पुसलं. मग म्हणाला, “अगं, जहाज आहे ते. जहाजाला काय कळतंय.”

“जहाजाला न्हाई कळत. मला कळतंय न्हवं.”

“काकू, जरा डावीकडे सरकता का?” चंद्रहास मोबाइल आडवा धरून म्हणाले. “तो ओघळ नको यायला. हां, तिथेच. इतकी वर्षं झाली, मालक बदलले, पण नाव बघा कसं टिकलंय. अमर झालं नाव, काकू. तेच दाखवायचंय आपल्याला.”

अमर. पंचवीस वर्षं हाच शब्द तिच्या कानावर आदळत होता. मोठमोठ्या साहेबांनी ऐकवला, आमदारांनी ऐकवला, शाळेच्या गॅदरिंगला बोलावून ऐकवला. जहाज विकलं तेव्हा मात्र एका ओळीचं पत्र कुणी धाडलं नाही. तिच्या तोंडात थुंकी दाटून आली. तिने मान वळवली आणि सरळ धक्क्यावर थुंकली. मागे कुणीतरी “ईऽ” केलं.

नावाच्या अलीकडे दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून एक खलाशी ग्राइंडरने गंज तासत होता. मुक्ताबाई त्याच्या खाली जाऊन उभी राहिली.

“ज्ञाना, त्या माणसाला सांग, ते नाव तासून टाक.”

“आई, काय बोलतेस? बाबांचं नाव आहे ते.”

“म्हणून तर सांगतीया.”

“काकू, अहो, इतिहास आहे हा,” चंद्रहास पुढे आले. “असा पुसून कसा चालेल?”

“तुमचा कागद हाय की इतिहासाला.”

गडबड ऐकून फाटकावरचा गार्ड चार पावलं पुढे आला. सगळं ग्रँड, म्हणजे ठीक, आहे ना, त्याने विचारलं. “ग्रँड, ग्रँड,” ज्ञानेश सवयीने म्हणाला आणि आईकडे बघितलं. तिची मान वरच होती, त्या अक्षरांकडे. ती इथून तशीच परत येणार नाही, हे त्याला कळलं. त्याने नाइलाजाने वर बघून खलाशाला इंग्रजीत सांगितलं. हे नाव तिच्या नवऱ्याचं, हेही सांगितलं.

खलाशाने गॉगल कपाळावर घेतला. खाली उभ्या बाईकडे बघितलं आणि तो फळीवरून नावापर्यंत पुढे सरकला. ही लिपी त्याला कुठली यायला. त्याने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावून विचारलं, इथून?

“तिथनं नको,” मुक्ताबाईने हात हलवला. “हवालदार ऱ्हाऊ दे. ते सरकारचं हाय.”

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला होता. लग्न होऊन घरात आल्यापासून जे नाव तिने कुणापुढे तोंडातून काढलं नव्हतं, ते तिने त्या आवाजाच्या वर आवाज चढवून घेतलं.

“रविकांत तेवढं काढ.”