बाहेरून घातलेली कडी

कोळंबी सोलणाऱ्या बायका शेडमध्ये आतून दारावर थापा मारत होत्या आणि रखवालदार दत्ताराम पावसकरांनी बाहेरून कडी घातली होती. बायकांच्या डोळ्यांतल्या कॅमेऱ्याच्या भिंगांनी ते खिडकीच्या काचेआडून जगाला थेट दाखवलं. संध्याकाळपर्यंत दत्ताराम राक्षस ठरले. खातरजमा करणारी वर्तमानपत्रं केव्हाच बंद पडली होती.

दोन दिवसांनी रेहाना मुकादम, एके काळची बातमीदार, त्यांच्या घरी आली. डोळ्यांतली भिंगं काढून डबीत ठेवत तिने विचारलं, "काका, कडी का घातलीत?"

दत्ताराम बराच वेळ खोकत राहिले.

"शेजारच्या बर्फ कारखान्याची नळी फुटली होती. सगळा अमोनिया माझ्याभोवती. दार उघडं राहिलं असतं तर त्या बाहेर धावल्या असत्या," ते म्हणाले. "पण वास कुठे दिसतो, बाय?"