जोडीची उमेदवारी

"जरा जवळ या," कॅमेऱ्यामागून लोइक म्हणाला. "भांडून आल्यासारखे काय उभे राहताय?"

आन्सेल्म नादेजकडे सरकला. तिने त्याच्या खांद्यावरचा केस हलकेच झटकला. नवऱ्याचा ओव्हरकोट हातात धरून गिलेन भिंतीशी उभी होती. अठरा वर्षं ते केस तीच झटकत आली होती.

आन्सेल्म कामगार खात्यात निरीक्षक. डाव्यांच्या तिकिटावर दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला. तिथल्या नियमाने उमेदवारी जोडीनेच भरायची, एक बाई आणि एक पुरुष. एकाची सही नसली तर दुसराही बाद. त्याची जुनी जोडीदार निवृत्त झाल्यावर सरकारी इस्पितळातली नर्स नादेज आली होती. लोइक पक्षाच्या शाखेचा चिटणीस. गिलेनबरोबर पोस्टात कामाला.

"तोंड का उतरलंय?" परतताना आन्सेल्मने विचारलं.

"ती शेजारी आली की तू पोट आत ओढतोस."

"तिचं नाव तूच सुचवलंस ना, बाई!"

"नाव सुचवलं होतं. नवरा देऊ केला नव्हता."

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, गिलेनने नादेजला इस्पितळाच्या उपाहारगृहात गाठलं.

"तुझी सही राहिलीय."

"आत्ता करते की."

"त्याआधी एक ऐक. आन्सेल्म झोपेत तुझं नाव घेतो."

नादेजने कप खाली ठेवला. "काहीतरीच काय! माझ्या काकाच्या वयाचा आहे तो."

"तुझा दोष नाही गं. पण गावात कुजबुज आहे. आता महिनाभर तुम्ही एका गाडीतून दारोदार हिंडणार. तुझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं तर?"

नादेज उठलीच. "मला नको ती सही आणि नको ती निवडणूक. सांभाळ तुझा नवरा!"

दीड वाजता आन्सेल्म स्वयंपाकघरात डोकं धरून बसला होता. समोरचं सूप गार झालं होतं.

"चारला अर्जांची खिडकी बंद होते. तोवर कुठून आणू बाई? संपलं सगळं."

मग त्याने गिलेनकडे पाहिलं.

"तू राहशील उभी? माझ्यासोबत?"

"मी?"

"इतकी वर्षं माझी भाषणं तूच लिहितेस. आणि मी गाढव, बाहेर शोधत बसलो."

त्याने कोऱ्या अर्जावर सही केली. गिलेनने अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"मी देऊन येते. तू सूप गरम करून घे."

तीन वाजून वीस मिनिटांनी जिल्हा कचेरीतल्या कारकुनाने खिडकीतून आत आलेला अर्ज उलगडला.

"गिलेन कोशे आणि लोइक तांगी. दोघंही हजर?"

"हजर," गिलेनच्या शेजारून लोइक म्हणाला.

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "सह्या तर तीन आठवड्यांपूर्वीच्या आहेत. मग इतके दिवस कशाला थांबलात?"

"पक्षाची जागा रिकामी व्हायची होती," गिलेन म्हणाली.