उघडे हात

भाईदासभाऊंनी केळीचं एक खोड उपटून नवलसमोर धरलं. मुळं पांढरी होती, एकाही मुळाला सूत्रकृमीची गाठ नव्हती.

"सूत्रकृमी माझ्या बांधावरून माघारी जातो," ते म्हणाले. "दाणेदार औषध. दर वर्षी एक गोणी. बारा वर्षं झाली."

नवलच्या शेतातली मुळं गाठींनी सुजली होती. यंदाची बाग त्याला हातची जाऊ द्यायची नव्हती. भाऊ आणतात त्याच दुकानातून तशीच गोणी घेऊन येतो, असं तो म्हणाला.

औषध आणायचं पुरुषांनी आणि खोडाशी टाकायचं बायांनी, ही गावची जुनी रीत. म्हणून नवलने बायकोला, लताबाईला, भाऊंच्या बायकोच्या, मंदाबाईंच्या हाताखाली शिकायला पाठवलं.

भाऊंच्या बागेत सूत्रकृमीवर मंदाबाईंनी पहिल्या वर्षी निंबोळी पेंड सुचवली होती. भाऊ चार माणसांत हसले होते, माझं शेत म्हणजे वैदूचा बटवा नाही म्हणाले होते. पुन्हा तो विषय मंदाबाईंनी काढला नाही. आषाढात निंबोळ्या मात्र वेचत राहिल्या, गोठ्यातल्या धुरीसाठी म्हणून. एवढ्या धुरीत गाय नाही, हत्ती धुपेल, अशी भाऊंची दर वर्षीची थट्टा असे.

लताबाई आली तेव्हा मंदाबाईंची पाटी भरून तयार होती. औषध शेणखतात कालवूनच टाकायचं, असं त्यांनी सांगितलं. खोडापासून वीतभर अंतरावर मूठभर टाकायचं, वर माती ओढायची. लताबाई मागोमाग चालत बघत होती.

दुपारी बांधावर बसून मंदाबाईंनी हात पदराला पुसले आणि भाकरी मोडली.

"तू मात्र हातमोजे घाल," त्या म्हणाल्या. "तोंडाला फडकं बांध. साबणाने हात धुतल्याशिवाय घास घेऊ नको."

लताबाई धुळ्याकडची. ती त्यांच्या बोटांकडे बघून हसली. "अक्का, तुमना हात ते उघडाच शेतस."

भाऊ चार हातांवर पाण्याची नळी सरळ करत होते. मंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझा हात जुना आहे," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी लताबाईने आपल्या बागेत गोणी फोडली. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. नवलने तिला जीपमध्ये घालून जळगावला नेलं. दुसऱ्या दिवशी ती शववाहिनीतून परत आली.

तेरावं झाल्यावर नवल भाऊंच्या ओट्यावर येऊन बसला.

"मी हातमोजे आणले होते, भाऊ. खुंटीवर तसेच आहेत. म्हणाली, अक्का बारा वर्षं उघड्या हाताने टाकतात. त्याच हाताने जेवतात, मी बघितलंय, असं म्हणाली." त्याने भाऊंकडे पाहिलं. "माझ्याच गोणीत काही वेगळं आलं असेल का?"

"दुकान एक, औषध एक," भाऊ म्हणाले. "तिची प्रकृतीच नाजूक होती. अगं, त्याला आपली गोणी दाखव. होऊ दे मनाची खात्री."

मंदाबाई दारात उभ्या होत्या. गोणी रिकामी करून टाकून दिली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या गोठ्याकडे चालू लागल्या. नवल मागोमाग गेला.

त्यांनी कडब्याच्या पेंढ्या एकेक करून बाजूला केल्या. मागे भिंतीला लावून बारा गोण्या रचलेल्या होत्या, आणि एकीचीही शिलाई उसवलेली नव्हती.